आधी सूची वाचणाऱ्या बाई

एका प्रकाशनाचा विक्रेता आमच्या कॉलेजात आला होता. पॅथॉलॉजीच्या एका जाडजूड पुस्तकाची नवी आवृत्ती त्याने दोन्ही हातांनी उचलून साठये बाईंच्या समोर ठेवली.

"काय नवीन आहे यात?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, कव्हर पूर्ण नवीन आहे."

"मग असं करा, कव्हर तेवढं ठेवून जा. आतलं आमच्याकडे आहे."

तो मोठ्याने हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उलटं केलं, शेवटून उघडलं आणि मागची शब्दसूची वाचायला सुरुवात केली. चष्मा कपाळावर, बोट एकेका शब्दावर. तो बिचारा उभाच. शेवटी मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. बाईंची सूची संपेपर्यंत त्याचा चहा पिऊन झाला होता.

मी त्या कॉलेजचा ग्रंथपाल. हडपसरच्या पुढे, मांजरी गावाच्या अंगाला आमचं कॉलेज आहे. वाचनालयाच्या एका खिडकीतून ऊस दिसतो, दुसरीतून बारा मजली इमारती. नर्सिंग, फिजिओथेरपी आणि लॅब टेक्निशियन असे तीन कोर्स. जमीन आमच्या अध्यक्षांच्या, म्हणजे अण्णांच्या घराण्याची. गाव शहरात आलं तेव्हा इतरांनी बिल्डरला दिली, अण्णांनी कॉलेज काढलं. मुलं-मुली येतात ती बहुतेक लांबून. नांदेड, वाशिम, यवतमाळ, गडचिरोली. पुणं ती पहिल्यांदा बघतात ते आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवरून.

बाई म्हणजे डॉ. कुमुद साठये. आधी बरीच वर्षं एका मोठ्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होत्या. तिथून निवृत्त झाल्यावर आमच्याकडे शिकवायला आल्या. राहायला सहकारनगरात. सकाळी स्कूटरवरून मार्केट यार्डात शिरायच्या, तिथून ताजी भाजी घेऊन थेट कॉलेज. भाजीची पिशवी लॅबमधल्या खुंटीला टांगलेली असायची. जिन्यात कोथिंबिरीचा वास आला की मुली म्हणायच्या, "मॅम आल्या," आणि मोबाईल आत जायचे.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो पुस्तकनिवडीमुळे. दर उन्हाळ्यात नव्या वर्षाची पुस्तकं ठरवायला समिती बसते. प्राचार्य, विषयांचे शिक्षक, बाहेरून येणारे एक सर्जन आणि टिपणं घ्यायला मी. बाई येण्याआधी ही बैठक म्हणजे चहा आणि बिस्किटं. मागच्या वर्षीची यादी, त्यात एक-दोन नावं वाढवायची, सह्या करायच्या. बाईंनी पहिल्याच वर्षी विचारलं, "ही पुस्तकं आपल्यापैकी कोणी वाचलीत?"

प्राचार्य म्हणाले, "सगळीकडे हीच लावतात, मॅडम."

"सगळीकडे म्हणजे कोण? तेही आपल्याकडे बघूनच लावत असतील."

तेव्हापासून बैठकीच्या आधी महिनाभर पुस्तकांची तपासणी सुरू झाली, आणि ती माझ्या वाचनालयातच. बाईंची एक रीत होती. प्रस्तावना वाचायच्या नाहीत. "त्यात लेखक बायकोचे आभार मानतो. तो त्यांचा घरगुती प्रश्न." आधी सूची. एखादा साधा शब्द घ्यायच्या, म्हणजे थुंकीचा नमुना कसा घ्यायचा यासारखं काहीतरी, आणि तो सूचीत सापडतो का बघायच्या. सापडला तर त्या पानावर ते खरंच आहे का बघायच्या. "ज्याला सूची नीट करता येत नाही, त्याला मुलगी कुठे अडते ते माहीत नसतं," असं म्हणायच्या. मग पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवायच्या आणि हात काढून घ्यायच्या. आपोआप मिटलं तर भुवया वर. "अहो ग्रंथपाल, या मुली मेसमध्ये जेवता जेवता वाचतात. एका हातात पोळी असते. दुसऱ्या हाताने पान दाबून धरायचं, तर भाजी काय पायाने खायची?"

मला त्या कायम 'अहो ग्रंथपाल' म्हणायच्या. माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं, सह्या तर रोज बघायच्या. पण आवडत नसावं.

ॲनॅटॉमीच्या पुस्तकाची परीक्षा तर मला जन्मभर लक्षात राहील. मनगटावरची नाडी कुठे लागते त्याचं वर्णन बाईंनी वेगवेगळ्या पुस्तकांतून काढलं. पहिल्या वर्षाच्या, अजून काहीही न शिकलेल्या मुली बोलावल्या. प्रत्येकीने एकेक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि वाचलं तसं स्वतःच्या मनगटावर बोट ठेवायचं. एका नामांकित पुस्तकाच्या परिच्छेदावर सगळ्या मुलींची बोटं करंगळीच्या बाजूला गेली; नाडी लागते ती अंगठ्याच्या बाजूला. सर्जनसाहेब तिथेच उभे होते. ते म्हणाले, "पण मॅडम, वर्णन अगदी बरोबर आहे. मी स्वतः याच पुस्तकावर शिकलो."

"असेल. तुम्हाला नाडी पुस्तकाने दाखवली की सिनियरने?"

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि हसून म्हणाले, "सिनियरने."

"मग आपण त्या सिनियरला लावू या. पुस्तक राहू दे."

बाईंचा हा तिरकसपणा पुष्कळांना लागायचा. मलाही लागलेला आहे. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. त्यांचं बोलणं लागायचं ते प्राध्यापकांना, विक्रेत्यांना, अण्णांना. मुलींशी त्या फारशा गोड बोलायच्या असंही नाही. पण एखादी मुलगी अडली की तिरकेपणा बंद. मग नुसतं, "परत सांगते."

चित्रांबद्दलही त्यांचं एक ठाम मत होतं. परदेशी पुस्तकातलं पांडुरोगाचं, म्हणजे ॲनिमियाचं, रंगीत चित्र दाखवून त्या म्हणाल्या होत्या, "हा गृहस्थ बरा झाला तरी आपल्याला पांढराफटकच दिसणार. आमच्या मुलींच्या वॉर्डात येते ती शेतात राबलेली बाई. तिचा फिकेपणा कुठे बघायचा? तळहातावर, जिभेवर, डोळ्याच्या पापणीच्या आत. ते चित्र कुठंय?" ज्या पुस्तकात ते चित्र असे, त्याला बाईंच्या लेखी बाकीचे बरेच गुन्हे माफ असत.

अशा या बाईंचा एक दिवस मी पाहिला, त्यानंतर त्या मला वेगळ्या दिसायला लागल्या.

दुपारची वेळ होती. लॅब टेक्निशियनच्या वर्गाचं प्रॅक्टिकल संपलं होतं. बाई वाचनालयात आल्या, नेहमीसारखं "अहो ग्रंथपाल" म्हणाल्या नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. ॲप्रनच्या खिशातून त्यांनी कागदात गुंडाळलेली काचपट्टी काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. मी पाणी नेऊन दिलं.

"सकाळी मी ॲनिमिया शिकवला," त्या म्हणाल्या. "सिकल सेलपाशी आले. या रोगात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकड्या होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुस्तकात एक ओळ आहे, आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. मी दरवर्षी म्हणते तेच म्हटलं. आपल्याकडे तुरळक, परीक्षेपुरतं करा, पुढे चला."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"दुपारी सगळ्यांनी आपापल्या बोटाला टोचून स्लाइड केली. मी फिरत होते. एका मुलीच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि विळेच विळे. समोर. माझ्या वर्गात, दुसऱ्या बाकावर." त्यांनी काचपट्टी बोटाने जरा पुढे सरकवली. "मी म्हटलं, स्टेन बिघडलाय, रंग नीट चढला नाही, परत कर नंतर. आणि स्लाइड खिशात टाकली. पोरीने माझ्याकडे असं बघितलं ना, ग्रंथपाल. तिला सगळं ठाऊक होतं. सकाळी मी 'पुढे चला' म्हणत होते तेव्हाही ठाऊक होतं."

मुलीचं नाव प्रणाली. गडचिरोलीकडची. बारीक चणीची, सदा स्वेटर घातलेली, वाचनालयात खिडकीपाशी बसायची. संध्याकाळी बाईंनी तिला तिथेच बोलावलं, कारण वाचनालयात कोणी नव्हतं. मी काउंटरवरून उठायला लागलो तर बाई म्हणाल्या, "बसा. तुम्ही कोणाला सांगणार नाही." मी बसलो.

"कधीपासून माहीत आहे?" बाईंनी तिला विचारलं.

"लहानपणापासून, मॅम. शाळेत तपासणी झाली होती. माझा दादा त्याच्यातच गेला."

"इथे कोणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की पोरी बाजूला बसत नाहीत. लागते असं वाटते त्यांना." मग एकदम तिचा आवाज फुटला. "मले घरी नका पाठवू मॅम. मी ह्याच्यासाठीच शिकून राहिली. आमच्याकडे तपासणारं कोणी नाही. रक्त नेतात आन् रिपोर्ट येतच नाही."

बाईंना मुली रडल्या की अवघडल्यासारखं व्हायचं. त्यांनी तिच्या पाठीवर वगैरे हात ठेवला नाही. पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हे पी. दिवसभर पीत जा. तुला पाणी औषधाइतकं लागतं, माहीत आहे ना? आणि आज सकाळी मी जे शिकवलं ते चुकीचं होतं. उद्या परत शिकवते. तुझं नाव येणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो तास परत घेतला. वर्गाला म्हणाल्या, "काल मी जे शिकवलं ते खोडा." असं त्यांनी त्याआधी कधी म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. मुलींनी मला येऊन सांगितलं, "सर, मॅमनी पूर्ण तास एकाच रोगावर घेतला." नुसता रोगच नव्हे. तो शिवण्याने होत नाही, आई आणि बाप दोघांकडून येतो, असा माणूस शिकू शकतो, नोकरी करू शकतो, हेही. यवतमाळच्या एका मुलीने तेव्हा हात वर केला आणि सांगितलं की तिच्या मामेभावाला आहे. मग आणखी एकीने.

थंडीच्या दिवसांत मात्र व्हायचं ते झालं. प्रणालीचे हातपाय आणि कंबर इतकी दुखायला लागली की तिला उठवेना. रुग्णालयात ठेवावं लागलं. ती बरी होऊन आली, पण बातमी हॉस्टेलच्या रेक्टरकडून प्राचार्यांकडे आणि तिथून अण्णांकडे गेली. मुलीला घरी पाठवावं असं ठरत आलं होतं. बाईंना कळलं, तशा त्या अण्णांच्या केबिनमध्ये गेल्या. एका पुस्तकाच्या मागणीवर अण्णांची सही घ्यायला मी तिथे आधीच उभा होतो.

अण्णा वाईट माणूस नव्हे. ते खरंच घाबरले होते. "मॅडम, परक्याची पोर हाय. आईबाप तिकडं लांब. उद्या तिला काय झालं तर बोल आपल्याला लागंल."

"लागेल ना. पण घरी पाठवून तिकडे काही झालं, तर नाही लागणार. असंच ना?"

अण्णांनी मान खाली घातली. "तसं न्हाई म्हनत मी."

"अण्णा, तुम्हाला साखरेचा आजार किती वर्षं आहे?"

"लई वर्षं झाली."

"मध्यंतरी पायाला जखम झाली, दवाखान्यात राहिलात. संस्था सोडलीत का?"

"आता आपली संस्था कशी सोडंल कुणी?"

"तिचाही कोर्स आहे. ती कसा सोडेल?"

प्राचार्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला. बाईंनी हात वर करून थांबवलं. मग आवाज अगदी खाली आणून त्या अण्णांना म्हणाल्या, "मी माझ्या नावाने लिहून देते. काही लागलं तर मला फोन. तिला थंडीत पहाटेच्या ड्यूट्या नकोत. ताप आला तर वाट न बघता दवाखाना. प्यायला पाणी हाताशी. एवढंच मागते. आपण परवानगी द्या."

बाईंनी अण्णांना 'आपण' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अण्णांनीही ऐकलं असावं. ते खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ओ, त्या प्लंबरला फोन लावा. पोरींच्या वरच्या मजल्यावर पानी न्हाई. खालून भरून न्याया लागतंय. प्यायच्या पान्याचं मशीन बसवून टाकू." तो त्यांचा होकार होता.

त्या वर्षीच्या पुस्तकनिवडीत बाईंनी सूचीपासून सुरुवात केली नाही. पॅथॉलॉजीची चार पुस्तकं घेऊन त्या वाचनालयात आल्या, प्रणालीला बोलावलं आणि प्रत्येकातलं सिकल सेलचं पान तिच्यापुढे उघडून ठेवलं. "तुझी हरकत नसेल तर वाच. घाई नाही. यातलं कुठलं पान तू तुझ्या आईला तुमच्या बोलीत सांगू शकशील, ते मला सांग."

ती सगळी दुपार वाचत बसली. मध्ये मध्ये मोबाईलमध्ये शब्दांचे अर्थ बघत होती. बाई पलीकडच्या टेबलावर पेपर तपासत होत्या, पण मी पाहत होतो, पेपर काही पुढे सरकत नव्हते.

शेवटी प्रणालीने एक पुस्तक उचललं. चारांतलं सगळ्यात बारीक. बाईंचा कल दुसऱ्याकडे होता, ते मला माहीत होतं.

"हे?" बाई म्हणाल्या. "यातली चित्रं बघ. पेशी आहेत की साबुदाणा?"

"हो मॅम. चित्रं खराबच आहेत."

"मग?"

"बाकीच्यात पहिल्याच ओळीत माणूस किती वर्षं जगतो ते लिहिलं आहे. यात पहिले काय करायचं ते लिहिलं आहे. आईला सांगायचं तर हेच सांगता येईल." पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "यात आमच्या भागाचं नाव पण आहे."

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. ते पान पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती, सकाळीच पुसलेला होता. म्हणाल्या, "जा तू. चहा घे." ती गेल्यावर माझ्याकडे न बघता बोलल्या, "मला ठाऊक होतं हो. विदर्भात हा रोग आहे हे काय मला ठाऊक नव्हतं? पण इतकी वर्षं ते पान मी दोन वाक्यांत उडवत आले. किती जणी समोर बसून गेल्या असतील, कोणास ठाऊक."

मी पुस्तकं गोळा करायला लागलो.

समितीत सर्जनसाहेब म्हणाले, "मॅडम, हे पुस्तक जरा हलकं नाही का? इन्स्पेक्शनला आले तर कपाटात वजनदार काहीतरी दिसायला हवं."

"दिसेल की. जाडं पुस्तक एक प्रत घेऊ, कपाटात ठेवू, काच पुसू. हे मुलींसाठी घेऊ. चांगली चित्रं मी स्वतः स्लाइडवरून काढून देते." आणि खरोखरच दिली. अण्णांनी ती रंगीत छापून आणली. आजही आमच्या प्रत्येक प्रतीत त्या पानाशी बाईंनी काढलेलं चित्र चिकटवलेलं आहे.

प्रणाली चांगल्या गुणांनी पास झाली आणि आपल्या जिल्ह्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागली. मध्ये तिला पुन्हा दोनदा दुखणं आलं. त्यातून ती निभावली. बाईंचे गुडघे तोवर बोलायला लागले होते. स्कूटर सुटली, मग शिकवणंही सुटलं. निरोपसमारंभ नको म्हणून त्यांनी शेवटचा दिवस कोणाला सांगितलाच नाही. मला कळलं ते लॅबमधली खुंटी रिकामी दिसली तेव्हा. पुढे बाई आपल्या लेकीकडे बेंगळुरूला राहायला गेल्या. आता फोनवर बोलणं होतं, "अहो ग्रंथपाल, नवीन काय लावलंत?" एवढंच.

पण बेंगळुरूला जायच्या आधी त्या एकदा गडचिरोलीला गेल्या, तेवढं सांगायचं राहिलं. प्रणालीचं लग्न ठरलं होतं. तिने फोन केला तेव्हा बाईंनी अभिनंदनाच्या आधी विचारलं, "मुलाचं रक्त तपासलं का?"

"हो मॅम," पलीकडून हसण्याचा आवाज आला म्हणे. "आधी रक्त, मग पोहे. त्याच्यात काही नाही. माझं सगळं सांगितलं त्याला. त्याने मान्य केलं."

साठये बाई उभ्या जन्मात नागपूरच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. लेक म्हणाली, या गुडघ्यांनी कुठे जाणार? बाईंनी मला फोन करून तिकीट काढायला लावलं.

पुणे स्टेशनवर त्यांना सोडायला मी गेलो. खालचा बर्थ मिळाला होता. हातात काठी, एका पिशवीत प्रणालीसाठी साडी, दुसऱ्या पिशवीत सूक्ष्मदर्शकाचं एक नवं भिंग. "हे आहेराला," म्हणाल्या. "साडी आपली रीत म्हणून." मी सामान बर्थखाली लावलं, पाण्याची बाटली हाताशी ठेवली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिलो.

समोरच्या बर्थवर एक पन्नाशीच्या बाई होत्या. खराडीला नोकरीत असलेल्या मुलाकडे महिनाभर राहून चंद्रपूरकडे परत निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठे चाललात, काकू?"

"लग्नाला. माझ्या विद्यार्थिनीच्या."

"डॉक्टर आहात का?"

"रक्त तपासायची मी." मग बाईंनी जरा घुटमळून विचारलं, "तुमच्याकडे तो सिकल सेल असतो ना? लोक काय म्हणतात हो त्याला?"

त्या बाईंचा चेहरा बदलला. "माझ्या बहिणीच्या पोरीले होतं ते," त्या म्हणाल्या आणि सांगायला लागल्या. साठये बाईंनी काठी बाजूला ठेवली, पुढे सरकल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले.

गाडी हलली. मी हात केला, दोन पावलं बरोबर चाललोही. बाईंचं लक्ष नव्हतं. समोरची बाई बोलत होती आणि आमच्या बाई मधे एक शब्दही न बोलता ऐकत होत्या.